फिश टँकचा पंप जास्त करंट खातोय? आधी आकडा तपासा, मग पंप उघडा

पंपावर १८ वॅट लिहिलंय आणि मीटर भलतंच काहीतरी दाखवतोय, ही तक्रार लाइटबिल वाढलं की हमखास येते. त्यावर लोक जे करतात तेही ठरलेलं. पंप बाहेर काढायचा, खोलायचा, घासायचा, वर थोडं तेल सोडायचं, परत लावायचा, आकडा तोच, मग नवीन पंप आणायचा आणि नव्याचाही आकडा तसाच आला की दुकानदाराशी वाद घालायचा. यात पंप बिघडलेला असतोच असं नाही, बऱ्याच वेळा मोजणंच चुकलेलं असतं, आणि जिथे पंपात खरंच काही असतं तिथे ते बहुतेक वेळा कॉइलमध्ये नसून रोटरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या चुंबकाच्या, खोबणीत असतं. म्हणून खालचा क्रम पाळा, मधली पायरी उडी मारून पुढे जाऊ नका.

हे मुख्यतः २३० व्होल्टवर थेट चालणाऱ्या पाण्यातल्या पंपांसाठी आहे, म्हणजे पॉवरहेड (टाकीतच बसवायचा छोटा पंप), टॉप फिल्टरचा पंप, सम्पचा (खालच्या फिल्टर-टाकीचा) रिटर्न पंप, कॅनिस्टरचं (टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरचं) डोकं. ॲडॉप्टरवर चालणाऱ्या डीसी पंपांचं शेवटी वेगळं लिहिलंय कारण त्यांचं वागणं वेगळं असतं.

हात घालण्याआधी

टाकीत हात घालायचा म्हणजे टाकीला जोडलेलं सगळं बंद करायचं, फक्त पंप नाही. हीटर, लाइट, यूव्ही, सगळ्यांच्या पिना बाहेर. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वाड्यातल्या आणि कित्येक फ्लॅटमधल्या वायरिंगमध्येसुद्धा फेज-न्यूट्रल उलटे असतात आणि बटण न्यूट्रलवर असतं, म्हणजे बटण बंद आणि वायरीत करंट चालूच. पिनच काढा.

घरात आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइट तोडणारा स्विच) आहे का ते डीबी, म्हणजे एमसीबीची पेटी, उघडून बघा, ३० मिलीअँपचा असेल तर उत्तम, त्यावरचं टेस्ट बटण दाबल्यावर पडतो का तेही बघा. नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या, फिश टँक असलेल्या घरात हा खर्च टाळण्यासारखा नाही. वायर टाकीपासून सॉकेटपर्यंत सरळ नेऊ नका, सॉकेटच्या खालपर्यंत लोंबू द्या आणि मग वर घ्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खालीच ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

सामान फार लागत नाही: पिनमध्ये लावायचा वॅटमीटर (व्होल्ट, अँपिअर, वॅट आणि पॉवर फॅक्टर चारही दाखवणारा), बादली, जुना टूथब्रश, कान साफ करायच्या काड्या, पांढरं व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड म्हणजे आपलं लिंबूसत्व, आणि कागद-पेन. वॅटमीटर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतो, ऑनलाइनही मिळतो. दुकानात घेताना तिथेच एखादा बल्ब लावून चालवून बघा.

आणि हो, पुण्यात असाल तर गुरुवारी हे काम काढू नका. पाणी नसायचं, नाहीतर मेंटेनन्ससाठी लाइट जायची, आणि तुमचा पंप उघडून ताटात पडलेला.

पायरी १: अपेक्षित आकडा कुठला, ते आधी ठरवा

पंपाच्या अंगावरची प्लेट वाचा. व्होल्ट, हर्ट्झ, वॅट, ताशी लिटर आणि किती मीटर उंचीपर्यंत पाणी चढेल हे त्यावर असतं. यातलं आपल्याला वॅट आणि हर्ट्झ हवंय. प्लेट पुसली गेली असेल तर खोक्यावर किंवा त्याच मॉडेलच्या माहितीत बघा, अंदाज नको.

आता हा प्लेटवरचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. स्वस्तातल्या पंपांवर वॅट कमी लिहून ताशी लिटर जास्त लिहायची पद्धत आहे, त्यामुळे बिघाड नसतानाही दोनचार वॅटचा फरक दिसतो. १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मी तरी मनावर घेत नाही. १८ च्या जागी २० आले तर जेवून झोपा. १८ च्या जागी २८ आले तर पुढे वाचा.

सगळ्यात खात्रीचा आकडा म्हणजे तुमचाच पंप नवीन असताना किती घेत होता तो, पण तो कोणीच लिहून ठेवत नाही. यापुढे ठेवा.

पायरी २: वॅट मोजा, अँपिअर नाही

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

समजा प्लेटवर १८ वॅट आहे. लोक १८ ला २३० ने भागतात, ०.०७८ अँपिअर येतं. मग क्लॅम्प मीटर (वायर जबड्यात धरून करंट मोजणारा) लावतात, त्यावर ०.१६ येतं. दुप्पट! पंप गेला! अजिबात नाही. ०.१६ गुणिले २३० म्हणजे साधारण ३७ येतात खरे, पण ते व्होल्ट-अँपिअर आहेत, वॅट नाहीत. या छोट्या पंपात एक कॉइल आणि आत फिरणारं कायमचं लोहचुंबक असतं, आणि कॉइल जो करंट घेते त्यातला बराचसा चुंबकीय क्षेत्र उभं करायला जातो आणि दर सायकलला लाइनमध्ये परत येतो, खर्च होत नाही. खरे वॅट काढायचे तर त्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने परत गुणावं लागतं, आणि या पंपांचा पॉवर फॅक्टर ०.५ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असणं अगदी नॉर्मल आहे. ३७ गुणिले ०.५ म्हणजे साडेअठरा वॅट. पंप ठणठणीत.

बिलाच्या दृष्टीने पण हेच महत्त्वाचं, कारण महावितरण घरगुती ग्राहकाला युनिट म्हणजे किलोवॅट-तास लावते, व्होल्ट-अँपिअर नाही. पॉवर फॅक्टर कमी आहे म्हणून घरचं बिल वाढत नाही. वॅट वाढले तर वाढतं: १० वॅट जास्त, चोवीस तास, महिनाभर, म्हणजे ७.२ युनिट.

क्लॅम्प मीटरनेच मोजायचं असेल तर अजून दोन भानगडी. पहिली, अख्खी केबल जबड्यात धरली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना कापतात आणि शून्य दिसतं, फक्त एकच वायर धरावी लागते. दुसरी, ४००-६०० अँपिअरच्या क्लॅम्प मीटरला ०.१ अँपिअर म्हणजे काहीच नाही, शेवटचा आकडा कुठेही उड्या मारतो. यावर उपाय असा की एक छोटी एक्स्टेंशन घ्यायची ज्यात तिन्ही वायर सुट्या असतील (प्रत्येकीचं स्वतःचं इन्सुलेशन शाबूत ठेवून, ही इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या), फेजची वायर जबड्यातून दहा वेळा गुंडाळायची आणि आलेल्या आकड्याला दहाने भागायचं. तरी मिळणार अँपिअरच, वॅट नाही.

सावधान: मल्टिमीटर २३० व्होल्टच्या लाइनमध्ये सिरीजमध्ये टाकून करंट मोजायच्या फंदात पडू नका. प्रोब सुटला किंवा भलत्या भोकात राहिला तर मीटर आणि हात दोन्ही भाजतात, आणि ओल्या हातांच्या कामात तर नकोच.

वॅटमीटर लावल्यावर लगेच आकडा लिहू नका. पंप चालू करा, १०-१५ मिनिटं चालू द्या, मग व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर चारही लिहा आणि बाजूला वेळ लिहा. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे सुरुवातीचा आणि स्थिर झालेला आकडा वेगळा असतो. ५ वॅटच्या खालच्या पंपांसाठी स्वस्त वॅटमीटरवर भरवसा ठेवू नका, तिथे तो ठोकूनच देतो.

चेक: मीटर खरा बोलतोय का? घरात जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब किंवा २५ वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न असेल तर ते लावा. वॅट जवळपास छापील आकड्याइतके आणि पॉवर फॅक्टर १ च्या जवळ यायला हवा. एलईडी बल्ब लावून हे तपासू नका, त्याचा पॉवर फॅक्टर स्वतःच कमी असतो.

वॅटमीटर नसेल तर घरचा लाइटमीटर वापरता येतो, हे बऱ्याच जणांना सुचत नाही. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला एका किलोवॅट-तासाला किती पल्स ते छापलेलं असतं, समजा ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिज आणि राउटरसकट, फक्त पंप चालू, आणि एका लुकलुकीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचं. ३६,००,००० भागिले पल्सचा आकडा, भागिले सेकंद. ३२०० पल्सच्या मीटरवर दोन लुकलुकींमध्ये ५६ सेकंद गेले तर २० वॅट. एकावर विसंबू नका, दहा लुकलुकींचा वेळ घ्या आणि दहाने भागा. सोसायटीत मीटर खाली पार्किंगमध्ये असतात, त्यामुळे वर एक माणूस आणि खाली एक असं करावं लागतं, आणि वरच्याने मध्येच टीव्ही लावला की सगळं पहिल्यापासून.

पायरी ३: मोजताय तो पंपच आहे ना

हसू नका, हे होतं. वॅटमीटर एक्स्टेंशन बोर्डाच्या अलीकडे लावलेला असतो आणि त्याच बोर्डावर हीटर असतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे हीटर मध्येमध्ये लागतो-बंद होतो, आणि नेमका तो लागलेला असताना आकडा बघितला की घाबरगुंडी. काही कॅनिस्टर आणि टॉप फिल्टरमध्ये आतच यूव्ही ट्यूब असते, तिचे वॅट वेगळे धरायचे. हवेचा पंप, लाइट, सगळं काढा. भिंतीचा सॉकेट, त्यात वॅटमीटर, त्यात फक्त पंप.

पायरी ४: व्होल्टेज आणि हर्ट्झ

वॅटमीटरवरचे व्होल्ट बघा. आपल्याकडे नाव २३० व्होल्टचं असलं तरी ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरात रात्री उशिरा, लोड कमी झाला की, २४५-२५० पण दिसतात. या पंपांची लोखंडी कोअर काटकसरीने बनवलेली असते, व्होल्टेज थोडं वर गेलं की ती सॅच्युरेट व्हायला लागते, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलत नाही, आणि करंट व्होल्टेजपेक्षा जास्त प्रमाणात वाढतो, सोबत गुणगुण आणि उष्णताही. म्हणून संध्याकाळी सातला एकदा आणि रात्री बारानंतर एकदा असं मोजा. रात्री वाढतंय आणि संध्याकाळी ठीक आहे, तर पंप उघडायची गरज नाही. व्होल्टेज सतत २५० च्या वर असेल तर महावितरणकडे तक्रार करा, पंपापेक्षा फ्रिजची काळजी करायची वेळ आहे ती.

इन्व्हर्टरवर मोजलेला आकडा लिहूच नका. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे पंप घरघरतात आणि जास्त तापतात, तो पंपाचा दोष नाही.

आता हर्ट्झ. पुण्यात हा प्रकार बराच दिसतो, कारण प्रत्येक सोसायटीत कोणाचं ना कोणाचं अमेरिकेत आहे. तिथून येताना कोणीतरी चांगल्यातला पंप आणतं, तो १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा असतो, इथे ११० व्होल्टचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतात आणि वाटतं झालं काम. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेली कॉइल ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला साधारण २० टक्के जास्त करंट घेते, कोअर सॅच्युरेट झाली तर अजून जास्त, आणि वर पंप हळू फिरतो, कारण असा दोन पोलचा पंप ६० वर मिनिटाला ३६०० फेरे घेतो आणि ५० वर ३०००. म्हणजे पाणी कमी आणि ताप जास्त. त्या पंपाला कितीही घासा, काही होणार नाही. इथला ५० हर्ट्झचा घ्या.

चेक: व्होल्टेज २२० ते २४० च्या मध्ये, प्लेटवर ५० हर्ट्झ, मीटर तपासलेला, पंप एकटा, आणि तरी वॅट १५ टक्क्यांपेक्षा जास्त? आता पंप बाहेर काढा.

पायरी ५: बादली टेस्ट

पंप लगेच खोलू नका. आधी टाकीतलंच पाणी बादलीत घ्या, पंप पूर्ण बुडवा, नळी, स्पंज, जाळी काहीही न लावता चालवा, १०-१५ मिनिटांनी चारही आकडे लिहा.

इथे एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं फिल्टर तुंबला की पंपाला जोर लावावा लागतो आणि म्हणून करंट वाढतो. पाणी फेकणाऱ्या या सेंट्रिफ्यूगल पंपांत सहसा उलट होतं: वाट तुंबली की पाणी कमी सरकतं, इम्पेलरवरचा, म्हणजे रोटरच्या पात्यांवरचा, भार कमी होतो, वॅट थोडे उतरतात. वाट मोकळी केली की वॅट चढतात. त्यामुळे बादलीत बिनानळीचा आकडा टाकीतल्यापेक्षा जरा जास्त आला तर ते बरोबरच आहे, आणि स्पंज धुतल्यावर वॅट वाढले म्हणून धास्तावून जायचं कारण नाही. तुंबलेल्या फिल्टरचं नुकसान माशांना होतं, बिलाला नाही.

बादलीतही आकडा भरपूर जास्त असेल तर दोष पंपात. बादलीत नॉर्मल आणि टाकीत जास्त असेल तर काढताना काहीतरी सुटून पडलंय, बारकी गोगलगाय, पानाचा देठ, नाहीतर पंप थेट वाळूत बसवलाय आणि वाळू ओढतोय. बादलीच्या तळाशी काय पडलंय ते बघा.

सावधान: पाण्याबाहेर "जरा सुरू होतो का बघू" म्हणून चालवू नका. आतला शाफ्ट (रोटरचा दांडा) आणि बुश (त्याच्या टोकांचे रबरी आधार) पाण्यावरच चालतात, कोरडे घासले की तिथून पुढे आवाज आणि झीज. तसंच रोटर काढून नुसती बॉडी चालवायची नाही, त्याचा आकडा काहीच सांगत नाही आणि कॉइल मात्र तापते.

टाकीचं काय, ते पण बघा. कॅनिस्टर बंद असेल तर आतल्या बॅक्टेरियाला ऑक्सिजन मिळत नाही, तासाभरात काम आटपा किंवा मीडिया (फिल्टरमधले स्पंज, रिंगा वगैरे) टाकीच्या पाण्यात उघड्या टबमध्ये ठेवा. टाकीत हवेचा दगड चालू ठेवा, मोजमाप झालेलं असल्याने आता त्याची अडचण नाही.

पायरी ६: उघडा आणि रोटर बघा

पिन काढलेली आहे ना, परत बघा. मग पुढचं झाकण फिरवून किंवा क्लिप दाबून काढा, इम्पेलर हाताने सरळ ओढा. चुंबक आत धरून ठेवतो म्हणून थोडा जोर लागतो. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटायचं नाही, सिरॅमिकचा शाफ्ट टिचकी मारल्यासारखा तुटतो. अडकलाच असेल तर अख्खी बॉडी अर्धं व्हिनेगर-अर्धं पाणी यात अर्धा तास ठेवा, पिन आणि वायरचं टोक बाहेर, मग निघतो.

बाहेर काढल्यावर या क्रमाने बघा.

पांढरा थर. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांकडे हा हमखास असतो. महापालिकेच्या खडकवासल्याच्या पाण्यावर एवढा बसत नाही, पण बोअरच्या पाण्यात बाष्पीभवनाची भर घातली की काही महिन्यांत रोटर आणि खोबणी यांच्यामधली फट भरून येते आणि रोटर घासत फिरतो. वाढलेल्या वॅटचं माझ्या मते हे एक नंबरचं कारण. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड, किंवा व्हिनेगर, अर्धा ते एक तास बुडवा, मग टूथब्रश. खोबणीच्या आत काडीने फिरवा, तळाशी जिथे मागचा बुश बसतो तिथे सगळ्यात जास्त साचतं आणि तेच लोक सोडून देतात.

बुळबुळीत थर. हा खाण्याचा आणि शेवाळाचा, नुसत्या ब्रशने जातो.

काळे कण. नदीची काळी वाळू किंवा तसली बारीक खडी टाकीत असेल तर रोटरवर काळी पूड चिकटलेली दिसेल. आपल्याकडच्या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, चुंबकाला ते चिकटणारच. धुवून जात नाही, रोटरवर चिकटपट्टी दाबून ओढा, पाचसहा वेळा केलं की निघते. याच कारणाने तारेच्या घासणीने रोटर घासू नका, तिचे तुकडे चिकटून बसतात आणि आत जाऊन गंजतात.

चुंबकाचं अंग. वरचं प्लास्टिक किंवा कोटिंग कुठे तडकलंय का, त्यातून तांबूस गंज येतोय का, एखाद्या बाजूने फुगल्यासारखं वाटतंय का. फुगलेला रोटर खोबणीला घासतो, त्याला पॉलिश पेपर मारून बारीक करायचा उद्योग करू नका, गंज पाण्यात उतरत राहील. रोटर बदला.

शाफ्ट आणि बुश. शाफ्ट गुळगुळीत आणि अखंड हवा. दोन्ही टोकांचे रबर बुश जागेवर हवेत, धुताना मोरीत वाहून जाणारी वस्तू तीच, म्हणून जाळीवर धुवा. बुश नसेल तर रोटर हेलकावे खात फिरतो, खडखड येते आणि वॅटही चढतात.

आता दोन गोष्टी ज्या दोष वाटतात पण दोष नाहीत. इम्पेलरची पाती चुंबकावर अर्धा-पाऊण फेरा मोकळी फिरतात. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे सुरू होताना चुंबकाला आधी स्वतःला गती घ्यायला मिळते. "सैल झालंय" म्हणून फेविक्विकने चिकटवलेले इम्पेलर पाहिलेत, ते पंप मग सुरूच होत नाहीत, नुसते थरथरतात आणि तापतात. दुसरं म्हणजे रोटर खोबणीत हाताने फिरवताना ठरावीक जागी अडखळल्यासारखा होतो. तो चुंबकाचा खेच आहे, जाम नाही. जाम असेल तर घासल्याचा खरखरीत स्पर्श येतो.

सावधान: टॉयलेट क्लीनर, ब्लीच, साबण यातलं काही नको. व्हिनेगर आणि ब्लीच तर एकत्र कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू होतो. खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, व्हॅसलीन शाफ्टला लावू नका, शाफ्टला पाणीच पुरतं. झाकणाच्या ओ-रिंगला लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकाएवढं.

पायरी ७: जोडा आणि तसंच परत मोजा

साध्या पाण्याने दोनदा धुवा. मागचा बुश, शाफ्ट, रोटर, पुढचा बुश, झाकण, या क्रमाने. झाकण लावण्याआधी रोटर बोटाने फिरवा, खरखर नको. झाकण पूर्ण बसलं नाही तर पाती झाकणाला घासतात आणि एवढं सगळं करून वॅट जास्तच.

मग परत तीच बादली, तेवढंच पाणी, बिनानळी, तेवढाच वेळ, आणि व्होल्टेज मघाइतकंच आहे का ते बघून आकडे लिहा. लोक आधी टाकीत मोजतात आणि नंतर बादलीत, किंवा आधी रात्री आणि नंतर दुपारी, आणि मग फरक कशाने पडला कोण जाणे. पंप उलट्या दिशेने फिरतोय असं वाटलं तर घाबरू नका, हे साधे पंप सुरू होताना कुठल्याही दिशेने फिरतात, म्हणूनच पाती सरळ असतात.

वॅट उतरले, संपलं. स्पंज धुवायचा असेल तर टाकीच्याच पाण्यात, नळाखाली नको.

पायरी ८: तरी जास्तच आहे, मग कॉइल

रोटर स्वच्छ, शाफ्ट चांगला, व्होल्टेज ठीक, आणि तरी वॅट प्लेटच्या दीडपट-दुप्पट. आता कॉइलमधले काही वेढे एकमेकांत शॉर्ट झालेत असा संशय घ्यायला जागा आहे. अशा पंपाची बॉडी पाण्यात असूनही एका जागी जास्त गरम लागते, आणि कधी कधी इपॉक्सीवर फुगवटा किंवा बारीक चीर दिसते. हात लावून बघायचं ते पिन काढूनच.

पिन बाहेर काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि पिनच्या दोन दांड्यांत मोजा. एकटा आकडा फार काही सांगत नाही, तोच मॉडेल दुसरा मिळाला, मित्राकडे किंवा दुकानात, तर दोन्ही थंड असताना ताडून बघा. तुमचा ठळकपणे कमी असेल तर वेढे शॉर्ट.

गळती वेगळी गोष्ट. पंप लावला की आरसीसीबी पडतो, किंवा टाकीच्या पाण्याला हात लावला की झिणझिण्या येतात, तर मोजमापं थांबवा. टेस्टर पाण्यात बुडवला आणि मंद लागला एवढ्यावरून पंपाला दोषी ठरवू नका, तो नुसत्या इंडक्शननेही लागतो, पण दुर्लक्षही नको. सगळ्या पिना काढून एकेक उपकरण लावत जा, आरसीसीबी कशावर पडतो ते कळेल, आणि माझा पहिला संशय पंपावर नसून हीटरच्या काचेवर असतो. खात्री हवी तर इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या, मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीने ओलावा पकडता येत नाही. समुद्राच्या पाण्याच्या टाकीत तर वाट बघूच नका, खारं पाणी करंट फार सहज नेतं.

कॉइल गेलेला पंप दुरुस्त करायचा नसतो. सगळं इपॉक्सीत ओतलेलं असतं, फोडून परत एमसील लावून पाण्यात सोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

डीसी पंप असेल तर

ॲडॉप्टरवर २४ व्होल्ट ३ अँपिअर लिहिलंय म्हणून पंप ७२ वॅट घेतो असं नाही, ती ॲडॉप्टरची क्षमता आहे. वॅटमीटर भिंतीच्या बाजूला लावला की त्यात ॲडॉप्टरचं स्वतःचं नुकसानही येतं, त्यामुळे पंपाच्या आकड्यापेक्षा थोडं जास्त दिसणारच.

कंट्रोलर कितव्या स्पीडवर आहे ते दरवेळी लिहा. वेग थोडा बदलला तरी वॅट खूप बदलतात, २० टक्के वेग कमी केला तर वॅट जवळपास निम्म्यावर येतात. लाइट जाऊन आली की काही कंट्रोलर सरळ फुल स्पीडवर जातात आणि मालकाला वाटतं पंप बिघडला. स्पीड तोच असूनही वॅट चढले असतील तर कारण बहुतेक रोटरचंच, कारण कंट्रोलर वेग टिकवायला जास्त करंट ढकलतो, म्हणून पायरी ६ जशीच्या तशी.

बदलायचाच असेल तर

चांगल्या कंपन्यांचे रोटर आणि शाफ्ट सुटे मिळतात, जुना रोटर सोबत घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगून आणलेला अर्ध्या मिलिमीटरने वेगळा निघतो. नवा पंप घेतलात तर पहिल्याच दिवशी बादलीतले आणि टाकीतले दोन्ही आकडे व्होल्टेजसकट लिहून कॅबिनेटच्या दाराच्या आत चिकटवा.

आणि कॉइल गेलेला पंप टाकण्याआधी त्याची वायर बॉडीजवळून कापा. हेच पंप कूलरमध्येही चालतात, ई-वेस्टच्या डब्यापर्यंत पोचायच्या आधी कोणीतरी तो उचलतं आणि पत्र्याच्या कूलरमध्ये बसवतं, आणि तिथे गळती झाली तर अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो.